तिकिटापलीकडचे देणे

समुद्र ओलांडावा की ओलांडू नये, हा प्रश्न एके काळी आपल्या समाजात अतिशय जिव्हाळ्याचा आणि तितकाच कटू होता. बौधायन धर्मसूत्राने समुद्रप्रवासाची गणना पातित्य आणणाऱ्या कर्मांत केली. मनुस्मृतीत श्राद्धास वर्ज्य मानलेल्यांच्या यादीत समुद्रयायी पुरुषाचा समावेश आहे. पुढे कलिवर्ज्य प्रकरणात तर प्रायश्चित्त घेतल्यानंतरही अशा द्विजाशी व्यवहार ठेवावा की नाही, येथपर्यंत विचार जाऊन पोहोचला. हे सर्व पोथीतच राहिले असेही नाही. १८८३ साली अमेरिकेस निघालेल्या आनंदीबाई जोशी यांना बंगालमधील श्रीरामपूर येथे भरसभेत उभे राहून आपण का जात आहो, हे लोकांना सांगावे लागले. १८८८ साली गांधीजी विलायतेस निघाले तेव्हा त्यांच्या ज्ञातीने त्यांना बहिष्कृत केले, आणि १८९१ साली बॅरिस्टर होऊन परतल्यावर वडील बंधूंनी त्यांना नाशिकला नेऊन गोदास्नान घडविले.

हा निर्बंध गेला ते उत्तमच झाले. त्यासाठी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. परंतु निर्बंध टाकून देताना त्याच्या पोटातील शंकाही आपण टाकून दिली काय, हे एकदा पाहिले पाहिजे. धर्मशास्त्रकारांना समुद्र अपरिचित होता असे म्हणता येणार नाही. ज्या मनुस्मृतीने समुद्रयायीला श्राद्धाच्या पंक्तीतून उठविले, तिच्याच आठव्या अध्यायात नावेच्या भाड्याचा विचार आहे. नावाड्यांच्या अपराधाने मालाची हानी झाली तर ती सर्व नावाड्यांनी मिळून भरून द्यावी, दैवी आपत्तीने झाली तर त्यांना दंड नाही, असा विवेकही आहे. वकिली करणाऱ्या माणसाला हा भेद वाचून आपल्या व्यवसायातील एखादा जुना आप्त भेटल्यासारखे वाटते. तेव्हा शास्त्रकारांना सतावणारी गोष्ट पाण्याहून वेगळी असावी. मला वाटते ती अशी : गावात माणसाला शेजारी पाहतो, ज्ञाती पाहते, ग्रामदेवता पाहते. त्याचा आचार या पाहण्याने सांभाळला जातो. किनारा दृष्टीआड झाला की हे सारे डोळे मिटतात. मग त्या माणसाच्या कर्तव्यांचे काय होते?

आजच्या प्रवाशाला हा प्रश्न अधिकच लागू पडतो, कारण आज आपण समुद्रावर जातो ते बहुधा गरजेपोटी जात नाही. विद्येसाठी, पोटासाठी किंवा व्यापारासाठी जाणारा माणूस विमानाने जातो. ज्याला आज सर्वत्र ‘क्रूझ’ म्हणतात त्या जहाजावर आपण चढतो ते केवळ सुखासाठी. निवृत्तीनंतरची पुंजी, मुलांनी आईवडिलांना दिलेली भेट, लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, अशी निमित्ते असतात. २०२१ पासून ‘कॉर्डेलिया’ कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपच्या दिशेने फेऱ्या करू लागल्यापासून तर हा प्रवास आपल्या मध्यमवर्गाच्याही आटोक्यात आला. सुख घेण्यात पाप नाही. पण पूर्ण पैसे मोजून घेतलेल्या सुखाच्या ठिकाणी माणसाची कर्तव्ये संपतात काय? की तिकिटाची किंमत फेडल्यावरही काही देणे शिल्लक उरते? या लेखात मला त्याचा विचार करावयाचा आहे. आणि विचार करता करता प्रवासास निघणाऱ्यांस उपयोगी पडतील अशा चार व्यवहाराच्या गोष्टीही सांगावयाच्या आहेत. कारण या बाबतीत व्यवहार आणि नीती यांची फारकत करता येत नाही, असा माझा अनुभव आहे.

प्रथम तिकीट म्हणजे काय ते पाहू. रेल्वेच्या तिकिटासारखा तो पावतीचा कागद आहे, अशी आपली समजूत असते. वस्तुतः तो एक दीर्घ करार असतो. त्यातील बारीक अक्षरांत कंपनीची जबाबदारी किती, तक्रार किती मुदतीत करावयाची, जहाज एखाद्या बंदरात गेलेच नाही तर परतावा मिळणार की नाही आणि दावा कोणत्या देशाच्या न्यायालयात लावावयाचा, हे सर्व लिहिलेले असते. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील एका दांपत्याने ‘कार्निव्हल’ कंपनीच्या जहाजावरून प्रवास केला. मेक्सिकोच्या किनाऱ्याजवळ पत्नी जहाजावर घसरून पडली आणि तिला दुखापत झाली. त्यांनी आपल्या राज्यात दावा लावला. तिकिटावर मात्र फ्लोरिडातील न्यायालयाचा उल्लेख होता. १९९१ साली त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती अट बंधनकारक ठरविली. प्रवाशाने अट वाचली होती की नाही, तिच्याविषयी घासाघीस करण्याची त्याला काही संधी होती की नाही, याने निर्णय फिरला नाही. आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या निवासस्थानी तक्रार करण्याची मुभा दिली आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु परदेशी कंपनीविरुद्ध हाती आलेला निर्णय अंमलात आणणे ही आणखी निराळी यात्रा असते. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी त्या अटी वाचाव्यात आणि प्रवासाचा विमा उतरवावा. त्या विम्यात आजारी माणसाला जहाजावरून किनाऱ्यावरील रुग्णालयात हलविण्याचा खर्च अंतर्भूत आहे की नाही, हे मुद्दाम विचारावे. जहाजावर वैद्य असतो, पण त्याचे बिल रोखीने किंवा खात्यावर भरावे लागते, आणि ते हलके नसते.

याच ओघात आणखी एक गोष्ट ध्यानात येते. जहाजाच्या मागच्या टोकाला फडकणारा ध्वज पहा. कंपनीचे कार्यालय एका देशात, प्रवासी दुसऱ्या देशाचे, खलाशी तिसऱ्या देशाचे, आणि ध्वज बहामाचा, पनामाचा किंवा माल्टाचा. ज्या देशात जहाजाची नोंदणी, त्या देशाचा कायदा भर समुद्रात त्या जहाजावर चालतो. आणि नोंदणी कोठे करावयाची हे मालक आपल्या सोयीने ठरवितो. हे सर्व कायदेशीर आहे. परंतु शास्त्रकारांनी विचारलेला प्रश्न येथे नव्या वेषात उभा राहतो. पाहणारे डोळे दूर गेले की काय होते? कायद्याचे डोळेही समुद्रावर जरा दूरच असतात. जेथे कायदा दूर असतो तेथे माणसाची सदसद्विवेकबुद्धी जवळ असावी लागते.

आता जहाजावर सेवा करणाऱ्या माणसाकडे वळू. गोमंतकीय वाचकाला हा माणूस नवखा नाही. आपल्याकडे त्याला ‘तारवटी’ म्हणतात. सासष्टी-बारदेशातील किती तरी घरे त्याच्या परदेशी नाण्यांवर उभी राहिली. मुंबईत धोबीतलाव, माझगाव या भागांत गावोगावच्या ज्या ‘कुडी’ होत्या, त्यांतून बोटीची वाट पाहत पेटीवर पेटी रचून त्याने दिवस काढले. जुन्या आगबोटींवरचे काम ओसरले, तसा तो पर्यटनजहाजांच्या भटारखान्यात, भोजनगृहात आणि केबिनींच्या ओळीत दिसू लागला.

काही वर्षांपूर्वी भूमध्य समुद्रातील एका आठवड्याच्या प्रवासात आमची केबिन आवरणारा तरुण दोन दिवस मुकाट्याने इंग्रजीत अभिवादन करून जात असे. तिसऱ्या दिवशी आम्ही पतिपत्नी आपसात कोंकणीत बोलत असताना तो दारातच थबकला आणि म्हणाला, “तुमी खंयचे?” फोंड्याचे, असे सांगताच त्याचा चेहरा खुलला. “हांव कुंकळ्ळेचो,” तो म्हणाला. नंतरच्या चार दिवसांत, उभ्या उभ्या, कधी दोन मिनिटे, कधी तीन मिनिटे, त्याची कथा समजली. करार आठ महिन्यांचा. मुलगी झाली तेव्हा तो समुद्रावर होता. तिला प्रथम हातात घेतले तेव्हा ती चार महिन्यांची झाली होती. करारात साप्ताहिक सुट्टी नाही. ज्या बंदरांची चित्रे पाहून आम्ही तिकीट काढले होते, त्यांतील बहुतेकांच्या रस्त्यावर त्याने पाऊल ठेवलेले नव्हते. जहाज बंदराला लागले की आमच्या खोल्या रिकाम्या होत, आणि तीच त्याच्या कामाची वेळ असे. त्याने तक्रार म्हणून हे सांगितले नाही. एखाद्याने आपल्या शेतीचे वर्णन करावे तसे सांगितले.

खलाशांच्या श्रमासंबंधी एक आंतरराष्ट्रीय करार आहे. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने तो २००६ साली संमत केला, २०१३ मध्ये तो अंमलात आला, आणि २०१५ मध्ये भारताने त्याला मान्यता दिली. त्याच्या तासांच्या हिशेबानुसार खलाशाला चोवीस तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे. किंवा कामाची मर्यादा चोवीस तासांत १४ तास आणि आठवड्यात ७२ तास असली पाहिजे. हा करार होणे ही मोठी प्रगती होती, यात शंका नाही. तरी ७२ तासांना सातांनी भागून पहावे : रोजचे दहा तासांहून अधिक काम, खंड न पडता, महिनोन्‌महिने. आणि ही झाली कायद्याने मान्य केलेली मर्यादा. सकाळी सहाला चहा देणारा हात आणि रात्री अकराला भांडी उचलणारा हात जेव्हा एकच दिसतो, तेव्हा त्यामागचे गणित हे असे असते.

येथे ‘सेवाशुल्का’चा प्रश्न येतो. पुष्कळ कंपन्या दर माणशी दर दिवसाचे एक ठरावीक शुल्क प्रवाशाच्या हिशेबात आपोआप लावतात. ते सेवकवर्गात वाटले जाते आणि अनेकांच्या कमाईचा तो मोठा भाग असतो. कित्येक जहाजांवर प्रवाशाने खिडकीवर जाऊन सांगितले तर ही रक्कम कमी करून किंवा काढून मिळते. त्या प्रवासाच्या शेवटच्या रात्री खिडकीसमोर रांग लागली होती, आणि तीत आपल्या देशातील सुखवस्तू मंडळीही होती. माझ्या पुढच्या गृहस्थांना मी कारण विचारले. सेवेत काही उणे होते काय? “छे, सेवा उत्तम. पण तिकिटाचे पैसे तर आपण भरलेलेच आहेत!” असे ते म्हणाले.

या उत्तरात एक युक्तिवाद दडलेला आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सेवकाला वेतन देणे हे मालकाचे काम. मालकाने ते अर्धे प्रवाशाच्या दयेवर सोडावे, हाच मुळी अन्याय आहे. मग मी त्या अन्यायात सहभागी का व्हावे? हा आक्षेप तत्त्वतः खरा आहे. कष्टाचे मोल दानाच्या स्वरूपात मिळावे, ही व्यवस्था कष्टालाही कमीपणा आणते आणि दानालाही. ती बदलली पाहिजे. परंतु ज्याला ती बदलावयाची आहे, त्याने तिकीट काढण्यापूर्वी कंपनीला पत्र लिहावे. हे शुल्क मूळ भाड्यातच धरणाऱ्या कंपन्या आहेत, त्यांच्याकडे जावे. त्या व्यवस्थेचे स्वस्त तिकीट घ्यावयाचे, आठ दिवस तिचा लाभ उठवावयाचा, आणि शेवटच्या रात्री तत्त्वाची आठवण व्हावयाची, हा मार्ग सरळ नव्हे. अशा निषेधाचा पैसा मालकाच्या तिजोरीतून जात नाही; तो कुंकळ्ळीच्या त्या मुलीच्या दुधातून जातो. म्हणून माझा व्यवहारी सल्ला असा की, प्रवासाचा अंदाज बांधतानाच हे शुल्क भाड्याचा भाग समजून धरावे. तेवढ्याने तिकीट झेपत नसेल तर प्रवास एक दिवसाने लहान करावा. आणि पैशाखेरीज आणखी दोन गोष्टी द्याव्यात, ज्यांना काही खर्च नाही : सेवकाचे नाव लक्षात ठेवून त्याला नावाने हाक मारावी, आणि उतरण्यापूर्वी कंपनीला त्याच्याविषयी दोन चांगल्या ओळी लिहाव्यात. पुढच्या कराराच्या वेळी त्या ओळी त्याच्या उपयोगी पडू शकतात.

सेवेचे हे नाते केवळ उपकाराचे नाही. वेळ आली म्हणजे ते प्राणांचे होते. ३ फेब्रुवारी २०२० रोजी ‘डायमंड प्रिन्सेस’ हे जहाज जपानच्या योकोहामा बंदरात आले आणि तेथेच अडकले. ३,७०० हून अधिक माणसे जहाजावर होती. त्यांपैकी ७०० हून अधिक जणांना कोरोनाची बाधा झाली. प्रवाशांना आपापल्या केबिनमध्ये राहण्यास सांगण्यात आले. परंतु त्या हजारो माणसांना जेवण कोणी तरी दारापर्यंत नेऊन द्यावयाचे होते. ते सेवकांनी दिले. त्यांत शंभराहून अधिक भारतीय होते. स्वतः ते खालच्या मजल्यांवर एकेका खोलीत दोघे-तिघे राहत होते. अलगपणाची चैन त्यांना नव्हती. पुढच्या महिन्यांत जगभर जहाजे थांबली, प्रवासी घरी गेले, आणि आपल्या गोव्याचे कित्येक तारवटी बंदराबाहेर नांगरलेल्या जहाजांवर घराची वाट पाहत राहिले. कोणत्या तिकिटात याची किंमत धरलेली होती?

आता सुरक्षा-कवायतीविषयी. जहाज सुटण्यापूर्वी प्रवाशांना आपले जमण्याचे ठिकाण, लाइफ जॅकेट घालण्याची रीत आणि धोक्याच्या भोंग्याची खूण समजावून देतात. बहुसंख्य प्रवासी ही एक कटकट मानतात. कोणी उपाहारगृहात रेंगाळतो, कोणी दूरध्वनीत गुंतलेला असतो. तिचा इतिहास ठाऊक असता तर कोणी असे वागले नसते. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री ‘कोस्टा कोंकॉर्डिया’ हे जहाज इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळले. चार हजारांहून अधिक माणसे त्यावर होती. त्या दिवशी सायंकाळी चिवितावेक्क्या बंदरात शेकडो नवे प्रवासी चढले होते. चोवीस तासांच्या आत कवायत घ्यावी असा तेव्हाचा नियम असल्यामुळे त्यांची कवायत दुसऱ्या दिवसावर ठेवलेली होती. ३२ माणसे मरण पावली. कप्तान प्रवाशांच्या आधी जहाज सोडून गेला आणि २०१५ साली इटलीच्या न्यायालयाने त्याला सोळा वर्षांची शिक्षा दिली. या आपत्तीनंतर नियम बदलला : २०१५ पासून कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच झालीच पाहिजे.

त्या ३२ जणांत आपल्या देशाचा, मुंबईकडचा एक तरुण वेटर होता. त्याचे अवशेष सर्वांत शेवटी, नोव्हेंबर २०१४ मध्ये, जहाज मोडीत काढताना सापडले. ज्याच्या खांद्यावर सर्वाधिक अधिकार होता तो सुटला, आणि ज्याच्या हातात केवळ तबक होते तो राहिला. कायद्याने पहिल्याला शिक्षा करता आली. दुसऱ्याला काय द्यावे, हे कायद्याच्या हाती नव्हते. आपल्याकडील कोकण किनाऱ्यानेही असा दिवस पाहिला आहे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट वादळात बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. ते घर गाठण्यासाठी निघालेले लोक होते. सुखाच्या प्रवासाला निघालेल्या आपल्यासारख्यांना तर सावध राहण्यास भरपूर वेळ आणि शिक्षक दोन्ही मिळतात. कवायतीला न जाणारा प्रवासी आपलाच जीव धोक्यात घालतो असे नव्हे. भोंगा वाजल्यावर जो आपले ठिकाण शोधत जिन्यात उलटा धावतो, तो इतरांची वाट अडवतो. आणि त्याला शोधण्यासाठी एखाद्या सेवकाला पुन्हा खाली जावे लागते. अज्ञान ही खाजगी मालमत्ता आहे, असे समुद्रावर मानता येत नाही.

देवदर्शनाने दिवस सुरू करणाऱ्या आपल्या मंडळींसाठी आता थोडे आचाराविषयी. जहाजावर आग हा सर्वांत मोठा शत्रू मानतात. म्हणून केबिनमध्ये निरांजन, उदबत्ती, कापूर, मेणबत्ती यांपैकी काहीही लावू देत नाहीत. कपड्यांची इस्त्रीही काढून ठेवतात. यात कोणाच्या धर्माचा अवमान नाही. घरचे देव ताम्हनात घालून नेण्याचा आग्रह धरू नये. नामस्मरणाला, स्तोत्रपाठाला आणि मानसपूजेला काडेपेटी लागत नाही. तसेच निर्माल्य, फुले किंवा नारळ जहाजावरून समुद्रात सोडू नयेत. नारळी पौर्णिमेस आपण सागराला नारळ अर्पण करतो हे खरे. परंतु जहाजावरून काहीही समुद्रात टाकण्यास मनाई असते, आणि सागरी प्रदूषणासंबंधीच्या आंतरराष्ट्रीय नियमांनी प्लॅस्टिक तर कोठेही, किनाऱ्यापासून कितीही दूर, टाकण्यास बंदी आहे. ज्याला आपण देव मानतो, त्याच्या अंगावर कचरा न टाकणे हीही पूजाच.

शाकाहार, जैन आहार किंवा एकादशीचा उपवास यांविषयी तिकीट काढतानाच लेखी कळवावे आणि चढल्यावर भोजनगृहाच्या प्रमुखाला पुन्हा सांगावे. गांधीजी पहिल्या प्रवासात कोणत्या पदार्थात मांस आहे हे विचारण्याचा संकोच करीत, आणि बरोबर नेलेल्या मिठाई व फळांवर दिवस काढीत. आज तसा संकोच करण्याचे कारण नाही; विचारलेले कोणाला अपमानास्पद वाटत नाही. मात्र वाढपगृहात हवे तेवढे घेता येते म्हणून पानात डोंगर रचून अर्धा टाकणे, हे अन्नाला पूर्णब्रह्म म्हणणाऱ्याला शोभत नाही. हाताने जेवणाऱ्या आपल्या लोकांनी जेवणापूर्वी साबणाने हात स्वच्छ धुवावेत. जहाजावर पसरणाऱ्या एका ओकारी-जुलाबाच्या विषाणूवर हाताला चोळण्याचे औषधी द्रव पुरेसे पडत नाही, साबण आणि पाणीच लागते. नित्याची औषधे हातपिशवीत ठेवावीत, कारण मोठे सामान केबिनमध्ये पोहोचण्यास कित्येक तास लागतात. आणि आजार असल्यास तो लपवू नये. एका माणसाचे लपविलेले दुखणे बंद जहाजात हजारांचे होते, हे २०२० सालाने जगाला शिकविले.

शेवटचा प्रश्न किनाऱ्याचा. जहाज बंदराला लागते, हजारो माणसे काही तासांसाठी उतरतात, आणि संध्याकाळी निघून जातात. त्या गावाचे आपण पाहुणे, की गिऱ्हाईक, की केवळ गर्दी? याचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला लांब जाण्याचे कारण नाही. मुरगाव बंदरात जहाज लागले की त्यातील प्रवाशांच्या बसगाड्या प्रियोळला, आपल्या मंगेशीच्या दारात येतात. त्या वेळी आपली अपेक्षा काय असते? त्यांनी अंग झाकलेले असावे, चपला बाहेर काढाव्यात, आरती चालू असता छायाचित्रे घेऊ नयेत, अभिषेकाला बसलेल्या वृद्धेला प्रेक्षणीय वस्तू समजू नये. ही अपेक्षा रास्त आहे. मग तीच अपेक्षा आपल्याकडून माल्टातील चर्चने, इस्तंबूलच्या मशिदीने किंवा कोलंबोच्या विहाराने केली तर ती पुरी करण्याचे ऋण आपल्यावर आहे. व्हेनिस शहराच्या ऐन मुखातून जाणाऱ्या मोठ्या जहाजांना इटलीच्या सरकारने १ ऑगस्ट २०२१ पासून बंदी घातली. पाहुण्यांच्या भाराने घरच मोडू लागले म्हणजे यजमान काय करणार?

किनाऱ्यावर जाताना आणखी काही पथ्ये पाळावीत. जहाजाचे घड्याळ आणि गावाचे घड्याळ कधी कधी निराळे असते. परतण्याची वेळ जहाजाच्या घड्याळाने ठरते. कंपनीने नेलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज बहुधा थांबते. आपण स्वतः भाड्याची गाडी करून गेलो तर थांबत नाही. म्हणून सांगितलेल्या वेळेच्या तासभर आधी परतावे, आणि पारपत्राची छायाप्रत तसेच त्या बंदरातील जहाजाच्या हस्तकाचा पत्ता खिशात ठेवावा. युरोपातील प्रवासात जहाज शेंगेन देशांतून बाहेर पडून तुर्कस्तानसारख्या देशात जाऊन पुन्हा आत येत असेल तर एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा लागतो. तो नसेल तर प्रवासच अडतो. आपल्यामुळे इतरांचा खोळंबा न होणे, हाही सहप्रवाशांविषयीच्या कर्तव्याचाच एक भाग आहे.

आपल्या देवळांत पालखी निघते तेव्हा वाजंत्री वाजविणारा, दिवटी धरणारा, फुले पुरविणारा, अशा प्रत्येकाच्या सेवेला एक नाव असते आणि एक मान असतो. नारळाची शकले वाटताना त्याच्या वाट्याचा तुकडा वगळला तर उत्सवात उणे आले असे आपण समजतो. त्या व्यवस्थेत सारेच चांगले होते असा माझा दावा नाही. मानाच्या नावाखाली काही घराण्यांना पिढ्यान्‌पिढ्या बांधून ठेवल्याचा इतिहासही आपल्याला विसरता येणार नाही. तिच्यातील जन्माचे बंधन गेले ते योग्यच. पण सेवेचा मोबदला दिल्यानंतरही सेवेकऱ्याचा काही मान उरतो, हे तिने आपल्याला शिकविले होते. जहाजावरील व्यवस्थेने जन्माचे बंधन काढून टाकले. कुंकळ्ळीचा तो तरुण करार संपल्यावर मोकळा आहे. परंतु त्याबरोबर तिने मानाचा तुकडाही काढून टाकला, आणि त्याच्या जागी एक काढून घेता येण्याजोगे शुल्क ठेवले.

करार पुरा झाला म्हणजे व्यवहार संपतो, हे आम्ही वकील रोज न्यायालयात सांगतो, आणि न्यायालयापुरते ते खरेही आहे. न्यायालय फक्त एवढेच विचारते की, ठरले होते ते दिलेस काय? ते विचारण्यापुरताच त्याचा अधिकार आहे. ज्याने आपल्यासाठी पहाटे चहा आणला, ज्याने लाइफ जॅकेटचा पट्टा कसा बांधावा हे दाखविले, ज्याच्या गावात आपण चार तास हिंडलो, त्यांचे देणे ठरलेले नव्हते. म्हणून ते कोणत्याच न्यायालयात येत नाही. ते ज्याचे त्याने ओळखून फेडावयाचे असते. निरोप घेताना त्या तरुणाला मी त्याच्याच भाषेत “देव बरें करूं” म्हटले. तो हसला, आणि पुढच्या दाराकडे वळला. त्या दिवशी दुपारी चढणाऱ्या नव्या प्रवाशांसाठी त्याला आणखी पंधरा केबिनी तयार करावयाच्या होत्या.